फुकटचा खांब

फोन कंपनीने रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी मंडळींना अँटेनासाठी कार्बन फायबरचे खांब फुकट बसवून दिले, तेव्हापासून हर्णैच्या यमुना पावसेंना रेडिओवर कुणाचाच आवाज येईना.

"रेडिओचा जमाना संपला, काकू. आता आमचा फोन घ्या," कंपनीचा माणूस हसून म्हणाला.

यमुनाबाईंना ते हसू खटकलं. कार्बन फायबरमधून वीज वाहते. अँटेनाची तार त्याला बांधली, तर तो लहरी गिळणारच. माणूस जाताच त्यांनी तार सोडवून बांबूवर चढवली आणि रेडिओवर हाक दिली.

उत्तर आलं मालवणच्या डिसोझांचं; त्यांनी खांब घेतलाच नव्हता. ते दचकून म्हणाले, "यमुनाबाई? तुम्ही वारलात, असं कंपनीवाला सांगून गेला!"

यमुनाबाईंनी उठून दाराला कडी लावली, मग हळूच विचारलं, "आणखी कोण कोण वारलंय म्हणाला?"