कारंजं

नव्या बागेचा निधी अपुरा पडला, तेव्हा कारंजं वाचवायला उद्यान अधिकाऱ्यानं आराखड्यातल्या स्वच्छतागृहावरच काट मारली. "लोक हवा खायला येतात साहेब, बाकीचं घरून उरकूनच निघतील की!" अख्खी बैठक खो खो हसली.

उद्घाटनाला त्याची आई पहिल्या रांगेत, भर उन्हात, लेकाच्या कौतुकानं फुलून बसली होती. कारंजं उसळलं, टाळ्या पडल्या. तिचे ओठ सुकलेले पाहून त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

"नको रे. मघाशी सगळी बाग फिरून आले, बायकांची सोयच नाही कुठे."

त्याची मान खाली गेली. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.


"तू सांगितलं असशीलच रे, पण वरची माणसं ऐकतात कुठे!"