शुरूकच्या लग्नाला पाठवायचा फोटो

अकरावा कागदही तसाच निघाला. इन्शिराहनं तो प्रिंटरमधून ओढला आणि खिडकीशी नेऊन धरला. नवऱ्याचा, वग्दीचा चेहरा पुन्हा पिवळाच.

पाकिटात आता एकच कागद उरला होता. खालच्या मजल्यावरच्या अवातिफला कैरोच्या विमानतळावर नेणारी गाडी तासाभरात यायची होती.

परवा कुवेतमध्ये शुरूकचं लग्न. इन्शिराहची एकुलती एक लेक. आईबापांना व्हिसा काही मिळाला नाही. शुरूक फोनवर हुंदके देत म्हणाली होती, "तुमचा दोघांचा फोटो तरी पाठव, आई. तू घरी छापलेलाच हवा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवीन." इजिप्तमधल्या दुमियात शहरातल्या त्या गल्लीतल्या अर्ध्या लग्नांचे फोटो इन्शिराहच्याच प्रिंटरमधून निघाले होते. आणि आज, स्वतःच्या लेकीसाठी, हात टेकायची वेळ आली होती.

तिनं काय काय केलं नव्हतं! पिवळ्या शाईची नवी डबी घातली. प्रिंटर साफ केला. तपासणीची रंगीत पट्टी काढली, ती तर अगदी स्वच्छ आली. लॅपटॉपवरही वग्दी पिवळसरच दिसत होता, पण तो लॅपटॉप आठ वर्षांचा, त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा? फोटो काल सकाळी गॅलरीत काढलेला. मागे पांढरी भिंत, शेजारी शेजारी दोघं. पिवळा कमी केला की वग्दी माणसात यायचा, पण शेजारची इन्शिराह निळी पडायची, भिंतही निळी. तिला सावरावं तर तो पुन्हा हळदीत बुडवल्यासारखा.

"अगं, मी पॉलिशवाला माणूस," आतल्या खोलीतून वग्दी म्हणाला. "तीस वर्षं कपाटांना रंग दिला. आता कपाटासारखाच दिसणार ना!"

"तू गप्प बस, अबू शुरूक!" गल्लीत त्यांना लेकीच्या नावानंच हाक मारत, तो अबू शुरूक म्हणजे शुरूकचा बाप, ती उम्म शुरूक म्हणजे शुरूकची आई. "लेकीच्या लग्नात मी असा बाप पाठवू? लोक हसतील तिला!"

हल्ली वग्दी दुपार-दुपार खिडकीच्या झडपा लावून पडून असायचा. कारखान्यात जायचंही त्यानं सोडलं होतं.

दारावर थाप पडली. अवातिफ आत आली. ती कुवेतच्या एका दवाखान्यात परिचारिका होती आणि महिन्याची सुट्टी संपवून परत निघाली होती.

"झाला का गं फोटो? बॅग बंद करायचीय मला."

इन्शिराह जमिनीवर बसली. भोवती अकरा वग्दी पसरले होते. तिला रडू आवरेना. "नाही जमत गं, अवातिफ. साधा बापाचा रंग आणता येत नाही मला. एवढंच मागितलं होतं पोरीनं!"

अवातिफनं जवळचा एक कागद उचलला. चष्मा लावला आणि गॅलरीच्या उजेडात गेली.

"उम्म शुरूक, यात तुझा रंग बरोबर आहे?"

"माझा आहे. भिंतीचाही आहे. ह्याचाच तेवढा..."

"अबू शुरूक जेवतात का नीट?"

"कुठलं! दीड महिना झाला. मुलूखियाची भाजी केली तरी ताट सरकवतो. पण त्याचं आत्ता काय?"

"अंग खाजतं?"

"रात्रंदिवस. पॉलिशनं खाजतं म्हणतो." इन्शिराह डोळे पुसत उठली. "तू असं का विचारतेयस?"

"लघवी गडद होते? चहासारखी?"

इन्शिराहला आठवलं. परवाच वग्दी म्हणाला होता, लघवी गडद होतेय, पाणी कमी पितोय वाटतं.

अवातिफनं कागद तिच्या हातात ठेवला. तिचा आवाज एकदम खाली आला. "गाडी आली की आधी त्यांना इस्पितळात नेऊ. माझं विमान चुकलं तर चुकू दे. आणि त्या प्रिंटरला शिव्या देऊ नकोस. त्याचं काही चुकलेलं नाही."

इन्शिराह आतल्या खोलीत गेली. तिनं खिडकीच्या दोन्ही झडपा ढकलल्या. दुपारचं ऊन थेट पलंगावर पडलं.

"अगं, काय करतेस!" वग्दीनं डोळ्यांवर हात घेतला.

तिनं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि कागद त्याच्या गालाला लावून धरला. आधी कातडी पाहिली, मग डोळ्यांचा पांढरा भाग.

रंग तंतोतंत जुळत होता.