मेथडचं माहेर

हॉस्पिटलच्या संगणकखोलीत प्रोग्रामर असलेल्या तिनं सकाळीच कोडची झाडलोट केली. औषधाच्या डोसचा हिशेब करणारी मेथड नवजात बाळांच्या क्लासमधून, म्हणजे कोडमधल्या त्यांच्यापुरत्या कप्प्यातून, उचलली आणि सगळ्या वॉर्डांसाठी एकच फंक्शन करून सामाईक फाइलमध्ये टाकली. “अगं, बाळांपाशीच राहू दे तिला,” शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला टेकलेले सहकारी काका कुरकुरले. “बाळांचं वजन ग्रॅममध्ये असतं, हे तिला तिथंच ठाऊक. बाहेर सगळे किलोवाले.” “काका, तुम्ही मेथडलाही माहेर शोधता!” ती हसली. दुपारी नर्स हसतच आली नि टेबलावर एका बाळाच्या डोसची छापील चिठ्ठी ठेवली. “मॅडम, एवढ्या औषधात बाळाला आंघोळ घालता येईल! दिलं नाही हो, मशीनच वेडं झालंय.” चिठ्ठीवर वजन होतं: तीन हजार किलो. “आणि पाळण्यांजवळचे आपोआप चालणारे औषधाचे पंप,” तिनं विचारलं, “ते डोस कुणाकडून घेतात?” नर्सचं हसू विरलं. “तुमच्याकडूनच की.”