युअननं 'सोड' म्हटलं नाही

चर्चमध्ये लोक टोपी काढतात, तसा युअन टास्मानियाच्या आमच्या जंगलात शिरताना बूट काढायचा. माझी बहीण ग्रेटा, म्हणजे त्याची बायको, उघड्या अंगानं शेवाळावर निजायची. तिच्या पाठीवर दव साचलं की कॅमेऱ्यामागून तो म्हणायचा, "श्वास धर." फोटो निघाला की, "सोड."

"याला बायको नको, शेवाळच हवं," ती हसायची.

ती वारल्यावर काल सकाळी तो पहिल्यांदाच तिथे आला.

"रिकाम्या शेवाळाचा कसला फोटो काढतोस?" त्याच्या कॅमेऱ्याची तिपाई खाली ठेवत मी म्हटलं. "वेड लागलंय तुला."

तो सवयीनं बोलून गेला, "श्वास धर."

वारा पडला. नेच्यांची पानं हलायची थांबली. शेजारचा ओढा मुका झाला.

फोटो निघाला, तरी सगळं तसंच. शेवाळ मात्र मधोमध दबलं होतं, कुणी निजल्यासारखं.

"युअन, 'सोड' म्हण ना रे!"

त्याचे डोळे वाहत होते. "म्हटलं की ती जाईल, ब्रॉनी."

मी एकटीच परतले.

तोच ओढा माझ्या परसामागून वाहतो. सकाळपासून मी खिडकी उघडी ठेवून बसलेय. दुपार झाली, अजून ओढ्याचा आवाज नाही.