वायर काढल्यानंतरचा फोटो

आमचं काम म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर उपटायची आणि तोवरच्या फाइल डिस्कवर नीट उतरल्यात का ते बघायचं. चाचणीपुरता एक कॅमेरा त्याच कॉम्प्युटरवर आमचेच फोटो सेव्ह करत राहतो.

आज वायर उपटून पुन्हा लावली. फोटो सगळे शाबूत होते. शेवटच्या फोटोत मात्र उपटलेली वायर माझ्या हातात लोंबत होती.

“वीज गेल्यावर हा काढला कुणी?” मी विचारलं.

“भुताने,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसली. “परत उपट बघू.”

परत उपटली, परत लावली. आता शेवटच्या फोटोत ती तोंडावर हात धरून उभी होती आणि माझी खुर्ची रिकामी होती.

“मी तर इथेच बसलोय की,” मी म्हणालो.

ती तोंडावर हात धरून हळूहळू उठली.

“अरे, कुठे गेलास?”