टेस्टपुरत्या पट्ट्या

"डॅशबोर्डला बोट लावू नकोस. गोंद अजून ओला असेल," नोरीन म्हणाली.

"तू लावलेला गोंद? तो माझ्या मागेही टिकेल," डेस्मंड म्हणाला आणि त्यानं गाडी तपासणी केंद्राच्या फाटकातून आत घेतली.

आज गाडी पास झाली पाहिजे होती. नाही झाली तर आणखी एक हिवाळा त्या गारठलेल्या गॅरेजात.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती. जुन्या काळच्या एका शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल: लांबलचक नाक, दोनच सीटा, छप्पर नाही. डेस्मंडनं तिचे सुटे भाग खोक्यांतून मागवले आणि हॅलिफॅक्समधल्या घरामागे ती जोडायला घेतली, तेव्हा म्हणाला होता, दोन हिवाळ्यांचं काम आहे. माणूस बोलतो तेव्हा त्याला खरंच तसं वाटत असतं. ते दोन हिवाळे काही संपेनात.

नोरीन चहा द्यायला म्हणून गॅरेजात गेली आणि तिथलीच झाली. आधी नुसता टॉर्च धरायची. मग वायरिंग शिकली, ब्रेकच्या नळ्या वाकवायला लागली. आत शिरताना लग्नाची अंगठी काढून दारामागच्या खिळ्याला अडकवायची, कारण उघड्या वायरीला धातू टेकला की बोट भाजलंच म्हणून समजा. काम संपलं की पुन्हा घालायची. घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. विणायला घेतलेला स्वेटर मनातून उतरला तरी ती तो पुरा करायची, टाके नीट बंद करायची आणि मग धर्मादाय दुकानात देऊन टाकायची.

"नशीब काढलंस लेका," घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबातले लोक डेस्मंडला म्हणायचे. "आमच्या बायका गॅरेजकडे ढुंकूनही बघत नाहीत."

डेस्मंडची छाती फुगायची. सासूच्या अंत्यविधीतून तो मधेच उठून गेला होता, कारण त्या दुपारी गिअरबॉक्स येणार होता. त्यावरही नोरीन चकार शब्द बोलली नव्हती. बायको समजूतदार आहे, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा.

गेल्या महिन्यात गाडी नापास झाली. कारण ठरलेलं: धारदार कडा. नियम असा, की माणसाचं अंग लागेल अशी एकही कड टोकदार नको. आणि या गाडीची खरी शोभा त्या कडांतच. म्हणून घरी गाड्या बांधणारे सगळे एकच करतात. कडांवर रबरी पट्ट्या चिकटवतात, गाडी पास करून घेतात आणि केंद्राबाहेर पडले की पट्ट्या ओरबाडून काढतात. त्या वेळी पट्ट्या डेस्मंडनं चिकटवल्या होत्या. निरीक्षकानं हात लावला आणि दोन गळून पडल्या.

नोरीन पार्किंगमध्ये बरोबर आणलेल्या बॅगेवर बसली आणि रडायला लागली. डेस्मंडला अगदी भरून आलं.

"माझ्या गाडीत तुझा एवढा जीव अडकलाय, हे मला ठाऊकच नव्हतं गं," तो म्हणाला.

या वेळी सगळ्या पट्ट्या तिनं स्वतः बसवल्या. गोंद लावायच्या आधी प्रत्येक कड पुसून घेतली. सकाळी निघताना तीच बॅग मांडीवर घेऊन बसली.

"पुन्हा सुट्या पट्ट्या आणि गोंद? राणीसाहेब, एवढा अविश्वास?" डेस्मंडनं विचारलं.

"जवळ असलेलं बरं."

"आज पास झाली ना, की तू सुटलीस बघ. पुन्हा गॅरेजात पाऊल टाकायला सांगणार नाही."

"शब्द लक्षात ठेव," नोरीन म्हणाली.

निरीक्षक ग्रिमशॉ हा उंच, कोरड्या चेहऱ्याचा माणूस. त्यानं दिवे तपासले, ब्रेक तपासले, इंजिनाचा आवाज मोजला. मग तो डॅशबोर्डकडे वळला आणि प्रत्येक पट्टीवरून एक गोळा फिरवू लागला. गोळा जिथं टेकेल तिथली कड गोल हवी. डेस्मंडच्या कपाळावर घाम आला.

"निर्धास्त राहा," नोरीन त्याला म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता.

ग्रिमशॉनं एका पट्टीला नख लावून ओढून पाहिलं. पट्टी हलली नाही.

"हे कुणी चिकटवलंय?"

"मी," नोरीन म्हणाली.

"रोज असं काम बघायला मिळत नाही, बाई." त्यानं सही केली. "पास."

डेस्मंडनं तिला तिथंच उचलून गरकन फिरवलं. तीही हसली, मोकळं हसली. असं हसताना त्यानं तिला किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि सगळे कष्ट फळाला आले असं त्याला वाटलं.

फाटकाबाहेर, स्टेशनच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यानं गाडी थांबवली. दोघांनी थर्मासातला चहा घेतला, पोर्क भरलेला एक पॅटिस अर्धा अर्धा खाल्ला. मग डेस्मंडनं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा काढला आणि पट्ट्या सोलायला सुरुवात केली. गोंद इतका पक्का, की त्याला दोन्ही हात लावावे लागले. हळूहळू आतून खरी गाडी दिसायला लागली. डॅशबोर्डची कड झाली, आरशांच्या कडा झाल्या, दारांच्याही झाल्या.

"आता कशी दिसते बघ," तो म्हणाला. "एवढे दिवस नुसतं सोंग होतं."

"हो ना," नोरीन म्हणाली. ती गाडीतून उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली.

त्यानं डबा तिच्यापुढे धरला. "नीट बघ, तुझी नजर बारीक आहे. टेस्टपुरतं लावलेलं अजून काही राहिलंय का?"

नोरीननं बोटातली अंगठी काढली, डब्यात पट्ट्यांवर ठेवली, झाकण घट्ट बसवलं आणि बॅग उचलून ती स्टेशनच्या रस्त्याला लागली.