आठवा ठोका

शास्त्रीय आणि जॅझ, दोन्ही दरबारांतले पुरस्कार पदरात पाडून संगीतकार प्रफुल ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या गावी आला, तो राहिलेली एकच दाद वसूल करायला: बापाची. मनसारामने हेडफोन लावला आणि मासळी तोलताना काट्याकडे बघावं तशा नजरेनं पोराची सगळ्यात गाजलेली रचना शेवटपर्यंत ऐकली.

"बेस हाये. पण सात ठोके झाले का हा काऊन थांबते?"

प्रफुल हसला. त्या रिकाम्या आठव्या ठोक्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती. "बाबा, हे तुमचंच हाये. डोंग्यावर काठी ठोकून तुमी मासे जाळ्यात हाकलत होते ना? मी मागं बसून आयकत होतो. आठवा ठोका तुमी सोडून देत होते."

"ते चुकत होतं माहं. ठोका सुटला का मासा उलटा पळे. सारे ढिवर हासत मले."

प्रफुलचा चेहरा उतरला. "मंग सोडत काऊन होते?"

मनसारामने हेडफोन काढून त्याच्या हाती दिला.

"तू पाण्यात पडला तर नाई, पाहाले मागं वळो मी."